बाळाची वाटी घरच्या कढईतून भरा

नाशिकच्या एका आईचा प्रश्न आहे. थोरला मुलगा साडेचार वर्षांचा. वरणभात, तूप-साखर-पोळी, दही आणि बिस्किटं सोडून काही खात नाही. पोह्यांतला कांदासुद्धा वेचून बाजूला काढतो. धाकटी आता साडेसहा महिन्यांची झाली आहे. सासूबाईंचं म्हणणं, वर्षाची होईपर्यंत नाचणीचं सत्त्व, मऊ भात आणि डाळीचं पाणी एवढंच द्यावं, कारण पोट नाजूक असतं. आईला आठवतंय की थोरल्याच्या वेळी नेमकं हेच केलं होतं. धाकटीला सगळं खायची सवय लागावी असं वाटत असेल तर कधीपासून, काय आणि कसं द्यायचं?

आजपासूनच द्या. तुमची शंका बरोबर आहे. थोरल्याच्या बाबतीत तुमचं काही चुकलं म्हणून नव्हे, पण त्याच्या पहिल्या वर्षात त्याच्या जिभेला फार थोड्या चवी भेटल्या, एवढं मात्र खरं. मी सांगलीत २६ वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. ताप-खोकल्याच्या खालोखाल मी ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘डॉक्टर, हा काहीच खात नाही हो’. हे वाक्य बहुतेक वेळा मूल दीड ते तीन वर्षांचं असताना कानावर येतं. त्याचं मूळ मात्र त्याच्या वर्षभर आधीच्या वाटीत असतं.

बाळ जन्मतःच गोडाला हसतं आणि कडूला तोंड वाकडं करतं. आईचं दूध गोड असतं, आणि निसर्गात कडू ते पुष्कळदा विषारी असतं, म्हणून ही शहाणी सोय आहे. सहा महिन्यांपासून पुढे वर्ष-सव्वा वर्ष बाळ विलक्षण मोकळं असतं. आईच्या हातून आलेलं जवळजवळ काहीही ते चाखून पाहतं. मग ते चालायला लागतं आणि दीड-दोन वर्षांच्या सुमाराला नवख्या पदार्थाला घाबरायला लागतं. हेही स्वाभाविकच आहे. जे मूल स्वतःच्या पायांनी अंगणात जाऊन कुठलाही पाला तोंडात घालू शकतं, त्याने अनोळखी वस्तूचा संशय घेतलेलाच बरा. हा संशय पुढे पाच-सहा वर्षांपर्यंत कमी-जास्त टिकतो. त्या वयात जे पदार्थ ओळखीचे असतात ते पुष्कळसे ताटात राहतात आणि जे नसतात त्यांच्यासाठी झगडावं लागतं. म्हणून माझा सगळा भर संशयाआधीच्या या वर्षभरावर आहे. या काळात बाळाने किती खाल्लं यापेक्षा कशाकशाची ओळख झाली, हे मी जास्त विचारते.

खरं तर ही ओळख वाटी-चमच्याच्याही आधी सुरू होते. चव आणि वास यांचा अभ्यास करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत संशोधक ज्युली मेनेला यांनी १९९१ मध्ये दाखवलं की आईने लसूण खाल्ल्यावर दुधाला त्याचा वास येतो आणि बाळ त्या दिवशी जास्त वेळ ओढून पितं. २००१ मध्ये त्यांनी गाजराचं पाहिलं. ज्या आयांनी गरोदरपणात किंवा दूध पाजताना गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या बाळांनी पुढे गाजर घातलेली पेज कमी तोंडं वाकडी करत खाल्ली. मला हे वाचताना आपल्या बाळंतिणीचं ताट आठवतं. शेपूची भाजी, लसणाची चटणी, बाळंतशोप, ओवा, अळिवाची खीर, डिंकाचा लाडू! किती वेगवेगळे वास त्या दुधात उतरत असतील. पण हल्ली मी उलटंही फार बघते: बाळाला वायू होईल म्हणून आईला सहा-सहा महिने नुसत्या दुधीवर आणि मुगाच्या वरणावर ठेवतात. तुम्ही अजून अंगावर पाजत असाल तर तुमच्या ताटातली पथ्यं आजच सोडा. वांगं, कोबी, वाल, मेथी, सगळं खा. क्वचित एखाद्या बाळाला आईच्या खाण्यातला एखादा पदार्थ खरोखर सोसत नाही, पण त्याची लक्षणं ठळक असतात आणि ते डॉक्टरांना दाखवून ठरवायचं असतं.

आता वाटीकडे येऊ. सासूबाईंशी नाचणीवरून वाद घालू नका. नाचणी उत्तम धान्य आहे, कॅल्शियमने भरलेली आहे. अडचण नाचणीत नाही, ती रोज एकाच चवीत आणि गूळ घालून येते यात आहे. गूळ घातलेली नाचणी, केळं, सफरचंदाचा गर, खीर, डब्यातलं तयार सिरियल अशी आपल्याकडच्या कित्येक बाळांची पहिली यादी असते. नावं पाच, पण जिभेला सगळं एकच: गोड आणि गुळगुळीत. डाळीच्या पाण्याबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते. वरचं पाणी काढून देण्यात डाळ खालीच राहते. बाळाचं पोट एवढंसं, ते पाण्याने भरून टाकलं तर त्यात अन्न मावणार कुठे? वरण घोटून, भातात कालवून, वर अर्धा चमचा तूप घालून द्या. चमचा तिरका केला तरी घास पटकन ओघळू नये, इतपत घट्ट असावं.

माझी पद्धत साधी आहे. बाळासाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही. घरात जी भाजी होईल तिच्यात तिखट-मीठ पडायच्या आधी दोन चमचे काढून ठेवायचे. जिरं, हिंग, हळद, थोडा लसूण, धण्याची पूड यांना काही हरकत नाही. उलट ती तुमच्या घराच्या स्वयंपाकाची चव आहे आणि तीच तिला उद्या जेवायची आहे. सोमवारी दोडका, मंगळवारी लाल भोपळा, बुधवारी पालक, गुरुवारी गवार, मग दुधी, फ्लॉवर, तांदुळजा, वांगं. ती काढलेली भाजी बोटांनी किंवा चमच्याने चिरडून वरणभाताच्या शेजारी द्या. ‘शेजारी’ असं मुद्दाम म्हणते. सगळं एका कुकरच्या डब्यात शिजवून मिक्सरमधून काढलं की पाच भाज्यांची मिळून एकच करडी चव होते. पोषण मिळतं, पण ओळख कशाचीच होत नाही. खिमट किंवा भाज्या घातलेली खिचडी दिवसातून एकदा जरूर द्या, दुसऱ्या वेळी भाजी सुटी द्या.

एक भाजी चार दिवस देऊन मगच दुसरी सुरू करायची, हा नियम भाज्यांसाठी मी पाळायला सांगत नाही. भाज्यांची ॲलर्जी क्वचितच होते, आणि रोज भाजी बदलल्याने बाळ पुढची अनोळखी भाजीही सहज घेतं. अंडं, शेंगदाणा, मासे, गहू, दूध-दही यांच्या वेळी मात्र एका दिवशी एकच नवा पदार्थ द्या. तो सकाळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं.

मेथी आणि कारलं विसरू नका. लोक हसतात, पण सात महिन्यांच्या बाळाला कारल्याचा मऊ शिजलेला कण चाटवायची हीच वेळ आहे. आंबटही यायला हवं: पातळ ताजं ताक, टोमॅटोचं सार, आमसुलाचं सार, हळूच एखादी संत्र्याची साल-बी काढलेली फोड. चेहरा आक्रसेल, डोळे मिटेल, अंगावर शहारा येईल. आयांचा निकाल इथेच लागतो: ‘तिला नाही आवडत.’ पुन्हा नीट बघा. चेहरा आक्रसूनही ती परत तोंड उघडते का? उघडत असेल तर ती नकार देत नाहीये, ती चव तिला नवीन आहे एवढंच.

नाही उघडलं तरी सोडू नका. जर्मनी आणि फ्रान्समध्ये २००७ मध्ये एक सुंदर अभ्यास झाला. सात महिन्यांच्या ४९ बाळांच्या आयांना विचारलं की बाळाला कुठली भाजी अजिबात आवडत नाही. मग तीच भाजी एक दिवसाआड आठ वेळा द्यायला सांगितली. आठव्या वेळेपर्यंत सत्तर टक्क्यांहून जास्त बाळं ती भाजी आवडीने खायला लागली होती, आणि नऊ महिन्यांनंतरही त्यांतली बरीचशी खात होती. माझ्याकडे येणाऱ्या आया मात्र दोन-तीनदा देऊन थांबतात. त्यांना मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नोंद करायला सांगते: दोडका, एक. दोडका, दोन. आठ-दहापर्यंत पोहोचायच्या आधी ‘आवडत नाही’ हा शब्द घरात कुणी उच्चारायचा नाही, विशेषतः मुलांच्या समोर. दर वेळी अर्धा चमचा पुरे. तिने जिभेवर घेऊन बाहेर टाकलं, तरी ती एक वेळ मोजायची.

चवीइतकाच स्पर्श महत्त्वाचा, आणि याकडे आपण सगळ्यात कमी लक्ष देतो. घरोघरी मिक्सर आल्यापासून माझ्याकडे दोन वर्षांची अशी मुलं येतात ज्यांना तोंडात भाताचं शीत लागलं की ओकारी येते. त्यांच्या जबड्याला चावायचं कामच कधी पडलेलं नसतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरातल्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्यात असं दिसलं की ज्यांना गुठळ्या असलेलं अन्न नऊ महिन्यांनंतर सुरू झालं, ती मुलं पुढे सातव्या वर्षीही भाज्या-फळं कमी खात होती आणि त्यांच्या जेवणाच्या तक्रारीही जास्त होत्या. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे गुळगुळीत, सातव्या महिन्यात हाताने कालवलेलं, आठव्या-नवव्यात दाणे लागतील असं आणि हातात धरून खाता येईल असं: वाफवलेल्या गाजराची मऊ पट्टी, लाल भोपळ्याची फोड, इडलीचा तुकडा, घावनाचा तुकडा, तूप लावलेल्या मऊ पोळीची गुंडाळी. फोड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत सहज चिरडली जायला हवी. दात नाहीत याची काळजी नको. हिरड्या पुरेशा बळकट असतात, हे तिने तुमचं बोट चावलं की कळेलच.

खाताना ती ओकल्यासारखं करेल, खोकेल, डोळ्यांत पाणी येईल. या वयात ओकारीची जागा जिभेवर बरीच पुढे असते, म्हणून घास घशाशी पोहोचायच्या आधीच बाहेर ढकलला जातो. ही तिची संरक्षणाची सोय आहे. घास अडकतो तेव्हाचं चित्र वेगळं असतं: आवाज बंद होतो, श्वास येत नाही, ओठ निळे पडायला लागतात. तो फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा, आणि त्या वेळी पाठीवर थापा कशा द्यायच्या हे तुमच्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. बाळ नेहमी बसून खाणार, कुणीतरी समोर असणार, रांगता-पळताना तोंडात घास नसणार, या तीन गोष्टींवर मी तडजोड करत नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे काप, काजू हे पाच वर्षांपर्यंत नको. पुढच्या संक्रांतीला तुमच्याकडे बोरन्हाण होईल. डोक्यावरून ओतायच्या बोरांत, उसाच्या करव्यांत आणि हलव्यात बाळाच्या तोंडात काय जातंय हे बघायला एक माणूस नुसता बसवून ठेवा. मी अशा समारंभातून थेट रुग्णालयात आलेलं मूल पाहिलं आहे.

अख्खा शेंगदाणा नको म्हटलं, पण शेंगदाण्याची चव लवकर हवी. पूर्वी आम्हीही सांगायचो की अंडं आणि शेंगदाणा वर्षानंतर द्या. ते आता बदललं आहे. इस्रायलमधली बाळं लहानपणापासून शेंगदाण्याचे कुरमुरीत पदार्थ खातात आणि तिथे त्याची ॲलर्जी लंडनच्या ज्यू मुलांपेक्षा खूप कमी आढळते, हे गिडियन लॅक या डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यावरून लंडनमध्ये ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग झाला. २०१५ मध्ये निकाल आले: ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू करून तो नियमित दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी ही ॲलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी होती. आपल्या घरात कूट असतंच. ते पिठासारखं बारीक करा, भाजीत किंवा दह्यात ओलं कालवा, आणि पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकावर द्या. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याने अंगावर उठलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

लोहाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येतो. आईचं दूध इतर बाबतीत अमृत असलं तरी त्यात लोह थोडं असतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. लोह कमी झालं की भूक मरते. भूक मेली की मूल चार आवडत्या पदार्थांवर येतं आणि लोह आणखी कमी होतं. ‘खात नाही’ म्हणून आणलेल्या मुलांपैकी कित्येकांची खरी तक्रार हीच निघते. तुम्ही मांसाहारी असाल तर सहा महिन्यांपासूनच अंडं, काटे नीट काढलेला मासा, घोटलेली कलेजी किंवा खिमा द्या. कोकणात मऊ भातात कुस्करलेला मासा बाळाला देतात, ते अगदी योग्य आहे. शाकाहारी असाल तर मूग, मसूर, मटकी, कुळथाची पिठी, अळीव, पालेभाज्या द्या, आणि त्यांच्यावर लिंबाचे चार थेंब पिळा, कारण त्यातलं क जीवनसत्त्व वनस्पतींतलं लोह शोषायला मदत करतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं औषध सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मिळतं. आहार कितीही चांगला असला तरी त्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

मीठ आणि साखर पहिल्या वर्षात घालू नका. मध वर्षाच्या आत अजिबात नको, चाटवण्यापुरताही नको; त्यातून बोटुलिझम नावाचा जीवघेणा आजार होऊ शकतो. गाईचं दूध पिण्यासाठी वर्षानंतर. दही-ताक आधी चालतं.

आता ‘किती’ हा प्रश्न. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. म्हणजे तूप घातलेला घट्ट वरणभात छोट्या अर्ध्या वाटीएवढा, दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत ३००. आया एवढं ऐकून चकित होतात, कारण त्यांनी मनात भरलेली वाटी मोठी असते आणि ती संपवण्यासाठी घरात रोज युद्ध होतं. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी याची वाटणी करून ठेवली आहे आणि मला ती पूर्ण पटते: काय द्यायचं, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे बाळाने. तिने मान फिरवली, ओठ मिटले, चमच्याशी खेळायला लागली, की जेवण झालं. चिऊचा घास, काऊचा घास मला प्रिय आहे. त्यात आजीची मांडी आहे, गोष्ट आहे, खिडकीबाहेरचं झाड आहे. पण पोट भरल्यावर ‘हा मामाचा, हा काकाचा’ करत आणखी दहा घास जायला लागले की थांबायचं. आणि मोबाइल नकोच. कार्टून बघत उघडलेल्या तोंडात कारलं गेलं काय आणि खीर गेली काय, जिभेला पत्ताच नसतो.

वर्ष पूर्ण झाल्यावर एक धक्का बसेल, त्याची तयारी आताच ठेवा. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूक मंदावते आणि काल छान जेवणारी मुलगी दोन घास खाऊन उठते. इथे घाबरून घरोघरी दोन गोष्टी होतात: बाटलीतून दूध वाढतं आणि हातात बिस्किट येतं. थोरल्याचं काय झालं ते मला न विचारताही कळतं, कारण जवळजवळ प्रत्येक घरात हेच झालेलं असतं. वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध नको. जेवणांच्या मध्ये दोन-अडीच तास काही नको. ती कमी जेवली तर कमी जेवली.

काही मुलांचं मात्र हट्टाच्या पलीकडचं असतं. वजन थांबलं किंवा उतरलं, प्रत्येक जेवणाला ठसका लागतो, जेवताना पाठ ताठ करून रडते, दहा महिन्यांनंतरही एकही गुठळी गिळता येत नाही, किंवा खाणारी मुलगी एकेक पदार्थ सोडत चालली आहे आणि बोलणं-बघणंही मागे पडतंय, असं दिसलं तर वाट बघू नका, दाखवा.

राहिला थोरला. साडेचार वर्षांचा म्हणजे वेळ गेली असं समजू नका. फक्त त्याला आठऐवजी पंधरा-वीस वेळा लागतील. त्याच्यासाठी वेगळं काही शिजवणं थांबवा, पण रोजच्या ताटात त्याचा एक खात्रीचा पदार्थ असू द्या, म्हणजे तो उपाशी उठणार नाही. ‘भाजी खाल्लीस तर आइस्क्रीम’ हे बोलणं बंद करा. त्यातून त्याला एवढंच कळतं की भाजी ही वाईट गोष्ट आहे. बाजारात न्या, मटारच्या शेंगा सोलायला बसवा, मेथी निवडायला द्या. आणि धाकटीच्या समोर जेवायला बसवा. माझ्याकडच्या एका घरात बहिणीला भोपळा भरवायचं काम पाच वर्षांच्या भावाला दिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात तो तिला दाखवण्यासाठी स्वतः आधी एक घास घ्यायला लागला. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, त्याच्या आईला मी तसं बजावूनच ठेवलं होतं. तुम्हीही त्याच्या ताटात रोज दोडक्याची एक फोड ठेवा, आणि ती तशीच राहिली तर काही न बोलता ताट उचला.